मॅडम, आमचं एकही अक्षर जुळत नाही

"टेस्टमध्ये असं आलंय, म्हणजे मी खरंच तशी आहे का हो?" समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न हल्ली महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. पूर्वी लोक पत्रिका घेऊन यायचे, म्हणजे अजूनही येतात, पण आता सोबत मोबाईलमध्ये स्वभावाच्या टेस्टचा एक रंगीत रिपोर्ट असतो, त्यात टक्केवारी, गोंडस चित्रं आणि वर ठळक चार इंग्रजी अक्षरं. कोणाला वाटतं आपण इंट्रोव्हर्ट निघालो म्हणजे टीम लीड होणं आपल्या नशिबात नाही, कोणाला रिपोर्ट बघून पोराची शाखा ठरवायची असते. आज सांगतेय ती केस लग्नाची आहे. मुलीला विचारून लिहितेय, नावं आणि बाकी ओळख पटेल असं सगळं बदललंय. तिला मृण्मयी म्हणू.

मृण्मयी २८ वर्षांची, नाशिकची, सरकारी बँकेत ऑफिसर. आईला घेऊन आली आणि बसल्याबसल्या टेबलावर प्लास्टिकचं फोल्डर ठेवलं. आत ११ पानं, बँकेतल्या प्रिंटरवर काढलेली (हे तिनेच नंतर जीभ चावत सांगितलं), पिवळ्या हायलायटरने ओळीच्या ओळी रंगवलेल्या. मागे टाचणी लावून होणाऱ्या नवऱ्याचा रिपोर्ट. तो म्हणजे ओंकार, वय ३०, पुण्यात आयटीत. स्थळ ओळखीतून आलेलं, ३६ पैकी २८ गुण जुळलेले, चार-पाच महिने फोनवर बोलून झालेलं, सुपारी फुटलेली, हॉलला ॲडव्हान्स दिलेला. आणि मग एका मैत्रिणीने ग्रुपवर ती टेस्ट टाकली, हिने दिली, त्याला पण द्यायला लावली.

ती निघाली आयएनएफजे आणि तो ईएसटीपी, म्हणजे अंतर्मुख की बहिर्मुख अशा चार जोड्यांतलं एकेक अक्षर. नेटवर या १६ प्रकारांचे तक्ते फिरतात, १६ उभे, १६ आडवे, कोणाचं कोणाशी पटेल ते हिरव्या-पिवळ्या-लाल चौकोनात. यांचा चौकोन लालभडक.

"मॅडम, आमचं एकही अक्षर जुळत नाही हो."

मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "बघा ना. माझ्या वेळी राक्षसगण म्हणून दोन स्थळं परत गेली, तेव्हा मी ठरवलं होतं पोरीच्या बाबतीत हे थेर करायचे नाहीत. ब्राह्मणाकडे गेलो ते फक्त सासरच्यांच्या समाधानासाठी. आणि आता ही स्वतःच काहीतरी काढून बसलीय, तिन्ही गणांनी झालं नाही म्हणून सोळा गण."

मला हसू आवरलं नाही. पण काकूंचं म्हणणं अगदी बरोबर होतं. गुणमेलनात गणाला ६ गुण आणि नाडीला ८, म्हणजे तिथे निदान मार्कांची बेरीज तरी होते, इथे चार अक्षरं म्हणजे थेट निकाल.

तर या चार अक्षरांची जन्मकथा मी तिला आधी सांगितली, कारण ती तिच्याच गोष्टीसारखी आहे. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाई होत्या, त्यांची मुलगी इझाबेल. १९१७ च्या सुमारास मुलीने एक मुलगा पसंत केला, क्लॅरेन्स मायर्स, आणि सासूबाईंच्या लक्षात आलं की जावई आपल्या घरातल्या कोणाच्याच वळणाचा नाही. वाईट नाही, पण वेगळा. हा माणूस असा कसा या कुतूहलातून बाईंनी माणसांचे प्रकार पाडायला घेतले. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं माणसांच्या प्रकारांवरचं १९२१ सालचं पुस्तक इंग्रजीत आल्यावर त्या त्याच्यामागे लागल्या, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत कामाला जात होत्या तेव्हा, कोणाला कुठलं काम मानवेल ते कळावं म्हणून इझाबेलने प्रश्नावली करायला घेतली. मायर्स-ब्रिग्ज ती हीच. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्रात रीतसर शिकलेलं नव्हतं. म्हणजे मुळात ही टेस्ट एका सासूला जावई कळेना म्हणून सुरू झालेला उद्योग आहे. आणि हो, इझाबेलने त्याच मुलाशी १९१८ साली लग्न केलं, जुळत नाही म्हणून मोडलं नाही.

काकू एकदम सावरून बसल्या. मृण्मयी मात्र हलली नाही. "पण मॅडम, माझं वर्णन एवढं बरोबर कसं काय आलंय मग? मी वाचताना रडले."

हे रडणं खोटं नसतं, म्हणून मी त्याची चेष्टा करत नाही. मी ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि म्हटलं, तू फॉर्म भरलास, तुझ्याशी अर्धा तास बोलले, त्यावरून मी चार ओळी लिहिल्यात, ऐक आणि पाचपैकी मार्क दे. वाचलं: तुला लोकांनी चांगलं म्हणावं असं आतून फार वाटतं पण तू ते दाखवत नाहीस, बाहेरून तू शिस्तीची दिसतेस पण आत बऱ्याचदा धाकधूक असते, कधी गप्पा मारायला आवडतात आणि कधी माणसंच नकोशी होतात, तुझ्यात असं बरंच काही आहे जे अजून वापरलंच गेलेलं नाही. ती म्हणाली साडेचार. आई म्हणाली, "अहो, हे तर माझंच आहे."

तो कागद मी दहा-बारा वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवलाय, लॅमिनेट करून घ्यावा असं झालंय. युक्ती माझी नाही, बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची. १९४८ मध्ये त्याने ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'स्वतंत्र' वर्णन दिलं, वर्णन सगळ्यांना तेच होतं, बरंचसं फुटपाथवर मिळणाऱ्या राशीभविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. साडेसाती चालू आहे, मन स्थिर नाही, पण माणूस मनाने चांगला, हे आपल्याकडचे जोशीबुवा कधीपासून सांगतायत आणि समोरचा मान डोलावतोय, ते हेच.

मृण्मयी थोडी चिडली. मला ते आवडलं, चिडलेलं माणूस विचार करायला लागतं.

मग मी तिला तिच्या फोल्डरचं पहिलंच पान उघडायला लावलं. तिचं 'आय' म्हणजे अंतर्मुख, ५३ टक्के. ओंकारचं 'ई' म्हणजे बहिर्मुख, ५४. पिवळा हायलायटर त्या अक्षरावर होता, आकड्यावर नव्हता. दहावीत ३५ ला पास आणि ३४ ला नापास, आता ३४ आणि ३६ वाल्या दोन पोरांत किती फरक असतो ते कुठल्याही मास्तरला विचारा, आणि ३६ वाला नि ९६ वाला मात्र दोघेही 'पास' या एकाच पेटीत. स्वभावात बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, जशी उंचीत असतात. आपण सगळ्या नाशिकला 'उंच' आणि 'बुटके' अशा दोन रांगांत उभं केलं तर मधल्या लोकांची काय गत होईल? म्हणूनच ही टेस्ट काही आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर पालटतं. रेषेवर उभं असलेलं माणूस एका पावलात पलीकडे जातं.

संशोधनात आता जी पद्धत जास्त मानतात तिला बिग फाइव्ह म्हणतात, त्यात पेट्या नाहीत, पाच पट्ट्या आहेत: नवं करून बघायची ओढ, काटेकोरपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं, आणि मन किती पटकन अस्वस्थ होतं ते. प्रत्येकजण प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो. आणि वयाबरोबर माणसं त्या पट्ट्यांवर हळूहळू सरकतात पण, साधारणपणे जास्त काटेकोर आणि जरा शांत होत जातात. हे ऐकून काकूंनी "ह्यांचे बाबा सोडून" अशी पुस्ती जोडली.

इथे माझं स्वतःचं एक सांगते. प्रॅक्टिस नवीन होती तेव्हा मी पण या अक्षरांच्या प्रेमात होते, दोन दिवसांचा कोर्स केलेला, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. सिन्नरचा एक दहावीतला मुलगा आला होता, वडलांचं हार्डवेअरचं दुकान. मी रिपोर्ट बघून ऐटीत सांगितलं की याचा पिंड एकांताचा आहे, माणसांशी सतत बोलण्याचं काम याला झेपणार नाही. नंतर बऱ्याच वर्षांनी तो स्वतःच्या मुलाला घेऊन आला आणि सहज म्हणाला, मॅडम, तुम्ही सांगितल्यावर मी कित्येक वर्षं गल्ल्यावर बसलोच नाही, गिऱ्हाईक आलं की मागे गोडाऊनमध्ये जायचो, वाटायचं आपल्याला जमणारच नाही. वडील आजारी पडल्यावर नाईलाजाने बसला. आता तेच दुकान तीन माणसं ठेवून चालवतो. तो हसत सांगत होता, मला त्या रात्री झोप लागली नाही. ती फ्रेम मी दुसऱ्या दिवशी काढली.

तर मृण्मयीला मी म्हटलं, ठीक आहे, तीच टेस्ट इथे माझ्यासमोर परत दे, फक्त उत्तर निवडताना मोठ्याने बोलायचं, मनात काय येतंय ते. आई बाहेर बसल्या. साठेक प्रश्न, प्रत्येकाला सहमत ते असहमत असे गोल. मी निकालाकडे बघतच नव्हते, मी बघत होते ती कुठे अडते. पहिले पंधरा-वीस प्रश्न भराभर गेले. मग तिने विचारलं, "हे बँकेतलं सांगू का घरचं?" मागच्या वेळी काय धरलं होतंस? तर म्हणाली बँकेतलंच असेल, कारण टेस्ट लंच टाइमला दिली होती. आता बघा, काउंटरवर दिवसभर पेन्शनर, केवायसी, सर्व्हर डाऊन, त्यातून उठून डबा खाताखाता दिलेली उत्तरं, त्यात 'मला एकटं राहायला आवडतं' ला सहमत येणार नाही तर काय येणार.

पुढे एक प्रश्न आला, साधारण असा की ठरलेल्या गोष्टीत ऐनवेळी बदल झाला तर तुम्हाला त्रास होतो का. तिथे ती थांबली. बराच वेळ. बोट एका गोलावरून दुसऱ्यावर. "बँकेत रोजच बदल होतात, त्याचं काही नाही. घरी पण नाही, बाबा ऐनवेळी पाहुणे आणतात." परत गप्प. मग म्हणाली, "मॅडम, बदल कोणी केला त्यावर आहे ना."

मी फोन खाली ठेवायला सांगितला.

ओंकारने वाकडमध्ये टू बीएचके बुक केला होता. टोकन भरून झाल्यावर हिला व्हॉट्सॲपवर सात फोटो आणि एक प्रश्न, किचनला कुठला कलर घेऊया. हिने अंगठा पाठवला आणि लिहिलं 'मस्त'. हिची पुण्याला बदली होईल हे त्याने धरूनच चाललेलं, हिने अर्जसुद्धा केला नव्हता, कारण दोन वर्षांत प्रमोशनची परीक्षा आहे आणि नाशिकच्या ब्रँचला तिचं बस्तान चांगलं बसलंय आणि आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. हे सगळं तिने कोणाला सांगितलं होतं? कोणालाच नाही. मग तीन आठवड्यांनी ती टेस्ट आली आणि त्यात छान शब्दांत लिहिलेलं सापडलं की तो झटपट निर्णय घेणारा, व्यवहारी, आणि ती भावनाप्रधान, मनात ठेवणारी, आणि यांचं जमणं कठीण. तिला जे बोलता येत नव्हतं ते कोणीतरी बोलून दाखवलं, म्हणून ती रडली. रिपोर्ट बरोबर होता म्हणून नाही.

मला विचाराल तर टेस्टचा खरा उपयोग हा एवढाच असतो. तीत तुम्ही जे सांगता तेच ती जरा नीटनेटकं करून परत देते, नवीन असं तिच्याकडे काही नसतं. त्यामुळे मी लोकांना म्हणते की निकाल वाचण्याआधी प्रश्न वाचा, कुठल्या प्रश्नावर बोट अडलं ते लिहून ठेवा. मृण्मयीच्या ११ पानांत वाकडच्या फ्लॅटचं नाव नव्हतं, ते त्या एका गोलावर सापडलं.

याचा अर्थ सगळ्या चाचण्या टाकाऊ असा कोणी काढू नका. लष्करात अधिकारी निवडताना एसएसबीवाले चित्रं दाखवून गोष्टी लिहून घेतात, शब्द दाखवून वाक्यं लिहून घेतात, पण सोबत मैदानातली कामं, गटचर्चा, मुलाखत असं पाच दिवस चालतं, एका कागदावर कोणाला घेत नाहीत. मायर्स-ब्रिग्ज विकणारी कंपनी स्वतः सांगते की नोकरीला माणूस निवडायला ही वापरू नका. मला खरा राग येतो तो त्या बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी नि स्वभाव सांगणाऱ्या डीएमआयटीचा. याच काकूंनी बाहेर जाताना हळूच विचारलं होतं की धाकट्याचे ठसे घेतलेत शाळेतल्या शिबिरात, रिपोर्ट दाखवू का. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट म्हटलंय. निदान अक्षरांच्या टेस्टमध्ये माणसाला काहीतरी विचारतात तरी, इथे पोराला तोंड उघडायची पण गरज नाही. काकूंना म्हटलं, त्या पैशात त्याला चार दिवस कोणाच्या तरी वर्कशॉपमध्ये नाहीतर किचनमध्ये उभं करा, जास्त कळेल.

दोन आठवड्यांनी शनिवारी ओंकार आला, सकाळच्या शिवशाहीने. मुलगा मोकळा, आल्याआल्या माझ्या रिसेप्शनवरचा बंद पडलेला पंखा का बंद आहे ते बघून रेग्युलेटर सैल झालाय म्हणून सांगून टाकलं. मला वाटलं बरोबर, टेस्ट अगदीच चुकलेली नाही. फ्लॅटचा विषय निघाला तर तो खरोखर गोंधळला. "पण तिने मस्त लिहिलं होतं ना." मग जरा हसून, "आणि मॅडम, माझ्या रिपोर्टमध्ये आलंच आहे ना, मी पटकन डिसिजन घेतो, माझा टाइपच तसा आहे."

हे दुसरं. मृण्मयीला रिपोर्टने घाबरवलं होतं आणि याला मोकळीक दिली होती. माझा टाइपच तसा आहे हे वाक्य आमच्या आजोबांच्या पिढीत 'मी तापट आहे हे घरात सगळ्यांना माहितीये' असं असायचं, आणि मग सगळ्या घराने त्या तापटपणाच्या अवतीभोवती वागायचं. मी त्याला एवढंच विचारलं की ऑफिसात क्लायंटला न विचारता पटकन डिसिजन घेतोस का. म्हणाला छे, तिथे तर अप्रूव्हलचा मेल लागतो. आणि बोलताबोलता त्याचं त्यालाच कळलं, कारण कान लाल झाले.

मृण्मयी अजून गप्पच होती. मी फोल्डर तिच्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं. म्हटलं, याला विचारायचं ते लिही, तोंडाने नसेल येत तर. दुसरा कागद शोधायला लागली, मी म्हटलं हीच पानं उलटी कर, पाठकोरी आहेत. तिने लिहायला घेतलं आणि आम्ही दोघं चहा घेत बसलो, पंखा तोपर्यंत त्याने चालू करून दिला होता.

नऊ प्रश्न झाले. पहिलाच होता, माझी बदली झाली नाही तर दोन वर्षं तू शनिवार-रविवार नाशिकला येशील का. चौथा, टोकन परत मिळतं का. सातवा खोडलेला होता, तो ओंकारने उजेडाकडे धरून वाचायचा प्रयत्न केला. नवव्याला तो बराच वेळ थांबला, मग म्हणाला याचं उत्तर आत्ता नाही देत, घरी आईशी बोलून देतो, आणि ती म्हणाली चालेल, पण या वेळी मी चालेल असं खरंच म्हणतेय.

टोकनमधले काही पैसे बुडाले. मार्गशीर्षातली तारीख पुढे वैशाखात गेली, हॉलवाल्याने कुरकुर केली, काकू माझ्यावर जरा नाराज आहेत कारण पाहुण्यांना सांगून झालं होतं. मृण्मयीने बदलीचा अर्ज केलाय असं मागच्या महिन्यात कळवलं, सोबत त्या पानाचा फोटो होता, प्रश्नांपुढे त्याच्या अक्षरातली उत्तरं, आणि सातव्या खोडलेल्या जागी तिने परत तोच प्रश्न लिहिला होता, या वेळी मोठ्या अक्षरात.